घोषणा एकच, निकाल दोन: आफ्रिकेतल्या निवडणूक बहिष्कारांच्या पदरात काय पडतं?

प्रश्न असा आला आहे: केनियात २०१७ मध्ये विरोधी नेते रायला ओडिंगांनी ‘नो रिफॉर्म्स, नो इलेक्शन’ म्हणत अध्यक्षपदाच्या फेरमतदानातून अंग काढून घेतलं. शेजारच्या टांझानियात २०२५ मध्ये चाडेमा या मुख्य विरोधी पक्षाने शब्दशः तीच घोषणा दिली. ओडिंगांशी पाच महिन्यांत अध्यक्षांनी हात मिळवला. चाडेमाच्या वाट्याला तुरुंग आणि गोळ्या आल्या. मग बहिष्कार हे हत्यार चालतं की नाही? की विरोधक आपल्याच हाताने सत्ताधाऱ्याला रान मोकळं करून देतात?

निवडणूक निरीक्षण आणि पक्षांच्या पोलिंग एजंटांचं प्रशिक्षण या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की घोषणेवरून काहीच ठरत नाही. पक्ष रिंगणाबाहेर पडतो त्या दिवशी त्याच्या हातात बाकी काय शिल्लक असतं, त्यावर सगळं ठरतं. निवडून आलेले खासदार आहेत का, गव्हर्नर किंवा महापौर आहेत का, दाद मागायला कोर्टाचं दार उघडं आहे का, आणि आपलीच माणसं महिनाभर तरी एका जागी टिकणार आहेत का. ओडिंगांकडे यातलं बरंच काही होतं. चाडेमाकडे जवळपास काहीच नव्हतं.

आधी एक घोळ दूर करतो. आपल्याकडे रस्ता झाला नाही, पाणीयोजना रखडली म्हणून एखादं गाव मतदानावर बहिष्कार टाकतं. तिथे रुसलेला असतो मतदार. पक्ष सगळे रिंगणात असतात, आणि तहसीलदार समजूत काढायला येतो. इथे प्रश्न आहे तो पक्षाने टाकलेल्या बहिष्काराचा. उमेदवारच मागे हटतो आणि मतदारापुढे दोन वाटा उरतात: घरी बसा, नाहीतर समोर जे आहेत त्यांच्यातलाच एक निवडा. आणि घरी बसलेल्या मताला कायद्यात सहसा काडीची किंमत नसते. केनियाचंच बघा. २०१० च्या राज्यघटनेनुसार अध्यक्षाला निम्म्याहून अधिक मतं लागतात, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रत्येकी २५ टक्के मतं लागतात. ऐकायला कडक वाटतं. पण दोन्ही अटी पडलेल्या मतांवर मोजायच्या, नोंदलेल्या मतदारांवर नाही. म्हणजे विरोधकांचे लोक घरी बसले की अट सत्ताधाऱ्यासाठी आणखी सोपी होते. बहिष्काराची भाषा सुरू झाली की मी पक्षाच्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या कायद्यात किमान मतदानाची अट आहे का? नसेल तर निकाल अडवण्याची आशा सोडा, दुसरं काय मिळवायचंय ते ठरवा.

आता केनिया जरा जवळून बघू, कारण बहिष्काराची सगळी कलमं तिथे एकाच प्रकरणात सापडतात.

८ ऑगस्ट २०१७ ला सार्वत्रिक निवडणूक झाली. अध्यक्ष उहुरू केन्याटा यांना ५४ टक्के, ओडिंगांना ४५ टक्क्यांच्या आसपास मतं जाहीर झाली. केनियात मोजणी मतदान केंद्रावरच होते, आणि तिथेच ‘३४ ए’ नावाचा कागद भरला जातो. कुणाला किती मतं, बाद किती, नोंदलेले मतदार किती. केंद्राध्यक्ष सही करतो, हजर असलेले पक्षांचे एजंट सह्या करतात, एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवतात. सकाळी ज्या ‘किम्स’ यंत्राने मतदाराच्या बोटाचा ठसा पडताळला त्याच यंत्राने या कागदाचा फोटो काढून पाठवायचा. मतदारसंघातल्या सगळ्या ‘३४ ए’ची बेरीज ‘३४ बी’ वर, देशाची बेरीज ‘३४ सी’ वर. अशी केंद्रं ४०,८८३. देशाचा अध्यक्ष ठरतो तो या कागदांच्या बेरजेवर. ११ ऑगस्टला निकाल जाहीर झाला तेव्हा हजारो ‘३४ ए’ निवडणूक आयोगाच्या हाती पोचलेच नव्हते. टीव्हीच्या पडद्यावर आकडे मात्र दोन दिवस धावत होते. मतदानाच्या आठवडाभर आधी आयोगाचे संगणक प्रणालीचे प्रमुख क्रिस मसांडो यांचा खून झाला होता, त्यामुळे संशयाला खतपाणी घालायला कुणाची गरजच नव्हती.

ओडिंगा कोर्टात गेले. केनियात अध्यक्षपदाच्या निकालाविरुद्ध सात दिवसांत अर्ज करायचा आणि सर्वोच्च न्यायालयाने चौदा दिवसांत निकाल द्यायचा. न्यायालयाने आयोगाचे सर्व्हर उघडून दाखवा म्हटलं, आयोगाने पूर्णपणे दाखवले नाहीत. काही निकालपत्रकांवर शिक्के नव्हते, सुरक्षाखुणा नव्हत्या. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या पीठाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या निरीक्षक जमातीची त्या दिवशी चांगलीच शोभा झाली. मतदान शांततेत झाल्याची प्रशस्तिपत्रं आमच्यातल्या मोठमोठ्यांनी आधीच वाटून टाकली होती, आणि खरा घोळ तर मतदान संपल्यानंतरच्या कागदांत होता.

कोर्टात जिंकलेला माणूस सहा आठवड्यांत मैदान सोडतो, हे बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणाचं वाटलं. पण फेरमतदान साठ दिवसांत घ्यायचं होतं आणि घेणार कोण, तर ज्याच्यावर कोर्टाने ताशेरे ओढले तोच आयोग. ओडिंगांच्या नासा आघाडीने किमान मागण्यांची यादी काढली: मुख्य कार्यकारी अधिकारी बदला, मतपत्रिका छापणारी दुबईची कंपनी बदला, यंत्रं पुरवणारी फ्रेंच कंपनी बदला. आयोग हलला नाही. तिकडे संसदेत बहुमत असलेल्या केन्याटांच्या जुबिली पक्षाने निकाल रद्द करणं अवघड करणारी कायदादुरुस्ती घाईघाईने पुढे रेटली. १० ऑक्टोबरला ओडिंगांनी माघार जाहीर केली.

त्यामागे वकिली डाव होता. उमेदवार माघार घेईल तर प्रक्रिया नव्याने, उमेदवारी अर्जांपासून सुरू करावी लागेल, असा अर्थ २०१३ च्या एका निकालातून काढता येत होता. म्हणजे नव्वद दिवस तरी मिळाले असते. आयोगाचं उत्तर मोठं मासलेवाईक होतं: तुम्ही पत्र पाठवलंत, पण ‘२४ ए’ हा माघारीचा अर्ज भरलेला नाही, सबब तुम्ही उमेदवार आहातच. त्याच सुमारास एका छोट्या उमेदवाराच्या अर्जावर उच्च न्यायालयाने त्याचं नाव मतपत्रिकेवर घ्यायला सांगितलं, आणि आयोगाने ऑगस्टमधले आठही उमेदवार पुन्हा छापायचं ठरवलं. बहिष्कार टाकलेल्या माणसाचं नाव आणि फोटो मतपत्रिकेवर कायम! २६ ऑक्टोबरला ओडिंगांना न मागता सत्तर हजारांवर मतं पडली.

मतदानाआधीचा आठवडा आयोगाची अब्रू घालवणारा होता. आयुक्त रोझलिन अकोम्बे न्यूयॉर्कला निघून गेल्या आणि तिथून राजीनामा देताना म्हणाल्या की हा आयोग विश्वासार्ह निवडणूक घेऊ शकत नाही. मतदान पुढे ढकलावं म्हणून केलेला अर्ज २५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा सातपैकी दोनच न्यायाधीश हजर होते. गणपूर्तीला पाच लागतात. आदल्या संध्याकाळी उपसरन्यायाधीशांच्या गाडीचा चालक, जो पोलिसच होता, गोळीबारात जखमी झाला होता. सुनावणी झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी ओडिंगांच्या बालेकिल्ल्यातल्या किसुमू, सियाया, होमा बे आणि मिगोरी या चार काउंट्यांत मतदान होऊ शकलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा घेऊ म्हटलं, तेही जमलं नाही, आणि तेवढा भाग वगळूनच निकाल लागला. केन्याटा ९८ टक्के. ऑगस्टमध्ये ७९ टक्क्यांच्या आसपास गेलेलं मतदान ३९ टक्क्यांच्या आत आलं. केन्याटांची स्वतःचीही मतं ८२ लाखांवरून सुमारे ७५ लाखांवर उतरली. २० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने कायम केला. म्हणजे ज्या न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ओडिंगांना जिंकवलं, त्याच न्यायालयाने बहिष्कारानंतर त्यांच्या बाजूचे अर्ज फेटाळले. बहिष्कार टाकणाऱ्या पक्षांना मी हे आवर्जून सांगतो: मैदानात नसलेल्याला एजंट नसतात, एजंट नसले की सही न केलेला कागद नसतो, हरकतीची नोंद नसते, आणि पुराव्याशिवाय कोर्टात रडून उपयोग नसतो.

इथवर पाहिलं तर बहिष्कार सपशेल आपटला. पुढे वारं फिरलं ते कशामुळे? ओडिंगांनी सफारीकॉमसारख्या कंपन्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. तो फार चालला नाही. अख्खा देश ज्या फोनवरून पैसे पाठवतो तो फोन टाकून द्यायला कोण तयार होणार? ३० जानेवारी २०१८ ला नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये त्यांनी ‘जनतेचा अध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली. सरकारने टीव्ही वाहिन्या बंद पाडल्या. आघाडीतले बाकीचे तीन मोठे नेते शपथेला फिरकलेच नाहीत. आणि ९ मार्चला हरांबे हाउसच्या, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर केन्याटा आणि ओडिंगा हातात हात घालून उभे राहिले. त्या तिघांना याचा पत्ताही नव्हता.

केन्याटा टेबलावर आले ते फक्त ३९ टक्क्यांच्या लाजेखातर आले असं मला वाटत नाही. दुसरी आणि शेवटची कारकीर्द, अर्धा देश धुमसतोय, गुंतवणूकदार हवालदिल, आणि उपाध्यक्ष विल्यम रुटो आतापासूनच पुढच्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेले. त्यात ओडिंगांच्या पक्षाचे खासदार, सिनेटर, गव्हर्नर ऑगस्टच्या मतदानात निवडून आलेले होतेच. कोर्टाने रद्द केलं ते फक्त अध्यक्षपदाचं मतदान, आणि बहिष्कारही तेवढ्यावरच होता. ओडिंगांनी एक खुर्ची सोडली, बाकी घर ताब्यात ठेवलं. मी ‘हातात काय शिल्लक’ म्हणतो ते हेच.

सुधारणांचं म्हणाल तर गंमत आहे. २०२२ च्या निवडणुकीत आयोगाने ४६ हजारांहून अधिक ‘३४ ए’ फॉर्म सरळ संकेतस्थळावर टाकले. कुणीही घरबसल्या बेरीज करावी. गेल्या काही दशकांत आफ्रिकेत मी पाहिलेल्या पारदर्शकतेच्या पावलांत हे फार वरचं. पण त्याचं मूळ १ सप्टेंबरच्या न्यायनिवाड्यात आहे, २६ ऑक्टोबरच्या बहिष्कारात नाही. बहिष्काराने ओडिंगांना वाटा मिळाला. देशाला कागद मिळाले ते खटल्यामुळे. २०२२ मध्ये केन्याटांचा पाठिंबा असूनही ओडिंगा रुटोंकडून ४८.८५ विरुद्ध ५०.४९ टक्क्यांनी हरले. (ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात आयुर्वेदिक उपचारांसाठी आलेले असताना त्यांचं निधन झालं, आपल्याकडच्या अनेकांना त्यांचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आलं.)

या सगळ्याची किंमत कुणी दिली तेही बोललं पाहिजे. त्या चार महिन्यांत पोलिसांच्या गोळ्यांनी आणि लाठ्यांनी डझनावारी माणसं मेली, बहुतेक किसुमूच्या आणि नैरोबीच्या गरीब वस्त्यांतली. हरांबे हाउसच्या पायऱ्यांवर त्यांच्यापैकी कुणाला बोलावलं नव्हतं. ‘शांततामय बहिष्कार’ म्हणणाऱ्या नेत्यांना हा हिशोब आधी मांडता आला पाहिजे, कारण केंद्र उघडू न देण्याचं काम शेवटी गल्लीतल्या पोरांवर येऊन पडतं.

आता उलट्या बाजूचं उदाहरण: घाना. ३ नोव्हेंबर १९९२ ला लष्करी सत्ताधीश जेरी रॉलिंग्ज ५८ टक्के मतं घेऊन अध्यक्ष झाले. न्यू पॅट्रिऑटिक पार्टी आणि इतर विरोधकांनी मतदारयादी फुगवलेली आहे, निकाल चोरलेला आहे म्हणून डिसेंबरमधल्या संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला. परिणाम: २०० पैकी १८९ जागा रॉलिंग्जच्या पक्षाला, उरलेल्या बहुतेक त्यांच्या मित्रांना, मतदान तीस टक्क्यांच्याही आत. ओडिंगांनी जे ताब्यात ठेवलं तेच घानाच्या विरोधकांनी सोडून दिलं. नियमाने पाहिलं तर हा बहिष्कार फसायला हवा होता.

तो फसला नाही, कारण हे लोक घरी बसले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात एकामागून एक खटले जिंकले: मिरवणुकीला पोलिस परवाना लागण्याची सक्ती रद्द करून घेतली, सरकारी आकाशवाणी-दूरदर्शनवर समान वेळ मिळवली. १९९४ मध्ये निवडणूक आयोग आणि सगळे पक्ष यांची एक सल्लागार समिती उभी राहिली. तिला अधिकार काही नव्हते, पण दर महिन्याच्या बैठकीत आयोगाचे प्रमुख क्वाडवो अफारी-ग्यान समोर बसायचे आणि विरोधक यादीतल्या एकेका गोष्टीवर भांडायचे. नवी मतदारनोंदणी, प्रत्येक नोंदणी केंद्रावर पक्षांचे एजंट, मतदार ओळखपत्रं, आणि आरपार दिसणाऱ्या मतपेट्या. अध्यक्ष आणि संसद यांचं मतदान एकाच दिवशी, म्हणजे एकाचा निकाल बघून दुसऱ्यावर रुसायची सोयच राहिली नाही. १९९६ मध्ये न्यू पॅट्रिऑटिक पार्टी हरली पण साठेक खासदार घेऊन संसदेत आली, आणि २००० मध्ये तिचे जॉन कुफुओर अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. मात्र एक गोष्ट सोयीने विसरली जाते: रॉलिंग्जना देणगीदार देशांच्या पैशाची गरज होती, आणि ओळखपत्रांपासून पेट्यांपर्यंतचा बराच खर्च त्या देशांनीच उचलला. आज अनेक राजवटींना तो पैसा दुसरीकडून मिळतो आणि दुसरीकडचे लोक मतपेटीच्या चौकशा करत नाहीत.

सेनेगलचं २००७ चं प्रकरण याच जातकुळीचं. अध्यक्ष अब्दुलाय वाद यांच्या फेरनिवडीवर संशय घेत प्रमुख विरोधकांनी जूनमधली संसदीय निवडणूक सोडली. वाद यांच्या आघाडीने १५० पैकी १३१ जागा घेतल्या. पण विरोधकांनी मधल्या काळात देशभर सभा भरवून राज्यकारभारावर चर्चा घडवली, आणि मुख्य म्हणजे मार्च २००९ च्या स्थानिक निवडणुकांत पुन्हा उतरले. डाकार शहर हाती आलं. २०१२ मध्ये अध्यक्ष वाद हरले. बहिष्कार एका निवडणुकीचा होता, त्याची सवय लावून घेतली नाही.

झिंबाब्वेत २००८ मध्ये मॉर्गन स्वांगिराई पहिल्या फेरीत ४७.९ टक्के घेऊन अध्यक्ष रॉबर्ट मुगाबेंच्या पुढे होते. निकाल जाहीर व्हायला महिन्याहून अधिक काळ गेला, आणि दुसऱ्या फेरीआधी त्यांच्या कार्यकर्त्यांना इतकं मारलं गेलं की मतदानाच्या पाच दिवस आधी त्यांनी माघार घेतली. याला बहिष्कार म्हणणंसुद्धा जड जातं. माणसं मरत होती म्हणून थांबवलेली निवडणूक होती ती. मुगाबेंनी ८५ टक्के घेतले, पण संसदेत स्वांगिराईंचा पक्ष मुगाबेंच्या पक्षाला भारी पडत होता आणि ऑगस्टमध्ये सभापतीही त्यांचाच झाला. दक्षिण आफ्रिकेने मध्यस्थी केली, करार झाला, फेब्रुवारी २००९ मध्ये स्वांगिराई पंतप्रधान झाले. पोलिस आणि लष्कर मुगाबेंकडेच राहिलं, त्यामुळे त्या पंतप्रधानपदाचं मोल किती यावर वाद घालता येईल. पण टेबलावर जागा मिळाली ती संसदेतल्या आकड्यांमुळे.

बेनिनकडे वळतो, कारण तिथे बहिष्कार टाकायचा की नाही हे ठरवायची संधीसुद्धा विरोधकांना मिळाली नाही. १९९० पासून पश्चिम आफ्रिकेतली नमुनेदार लोकशाही म्हणून या देशाचं कौतुक व्हायचं. २०१९ मध्ये नवे नियम आले: पक्षाकडे सरकारी ‘अनुरूपता प्रमाणपत्र’ हवं, आणि संसदेत जागा मिळवायला देशभरात १० टक्के मतं हवीत. पात्र ठरले दोनच पक्ष, दोन्ही अध्यक्ष पात्रीस तालों यांचे. २८ एप्रिलला मतदान २७ टक्क्यांच्या आसपास, त्या दिवशी इंटरनेट बंद, ८३ च्या ८३ जागा सत्ताधाऱ्यांच्या. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी ‘विरोधकांचा बहिष्कार’ असं लिहिलं. दार आतून लावून घेतल्यावर बाहेर उभ्या असलेल्याला ‘आला नाही’ म्हणण्यासारखं होतं ते.

त्या संसदेने पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. घटना दुरुस्त झाली, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवाराला खासदार-महापौरांपैकी १० टक्क्यांच्या, म्हणजे १६ जणांच्या शिफारशी लागतील असं ठरलं. खासदार सगळे तालोंचे, महापौर बहुतेक तालोंचे. २०२१ मध्ये तालों ८६ टक्क्यांनी निवडून आले. विरोधातले रेक्या मादुगू आणि जोएल आइवो यांना वीस आणि दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. २०२३ मध्ये ‘ले देमोक्रात’ हा विरोधी पक्ष संसदेत परतला, १०९ पैकी २८ जागा घेऊन. लगेच पुढच्या वर्षी नियम बदलला: शिफारशी आता १५ टक्के. १०९ खासदार आणि ७७ महापौर मिळून १८६, त्याचे १५ टक्के म्हणजे २८. बरोबर पक्षाकडे होते तेवढेच खासदार, आणि महापौर एकही नाही, कारण २०२० च्या स्थानिक निवडणुका झाल्या तेव्हा हा पक्ष जन्मलाच नव्हता. २०२५ मध्ये एका खासदाराने शिफारस मागे घेतली आणि पक्षाचा उमेदवार बाद झाला. एका निवडणुकीत बाहेर राहण्याची किंमत कधीकधी अशी सहा वर्षांनी, एका टक्केवारीच्या आडून वसूल होते.

या पार्श्वभूमीवर टांझानिया बघा. तिथे अध्यक्षपदाचा निकाल आयोगाने जाहीर केला की त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात जाता येत नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातच तसं लिहिलं आहे. आफ्रिकन मानवाधिकार न्यायालयाने २०२० मध्ये हे चूक ठरवलं, पण कलम जागच्या जागी आहे. केनियाच्या विरोधकांना मिळालेला १ सप्टेंबर टांझानियात येऊच शकत नाही. चाडेमाने २०२० ची निवडणूक लढवली, आणि थेट मतदारसंघातून त्यांचा एकच खासदार निवडून आला. निकाल मान्य नाही म्हणून पक्षाने महिलांसाठीच्या विशेष जागांवर नावं पाठवायला नकार दिला. तरी पक्षाच्याच १९ महिला नेत्या जाऊन शपथ घेऊन आल्या! पक्षाने त्यांना काढून टाकलं, पण खासदार म्हणून त्या बसल्याच. बहिष्काराला सत्ताधारी जितका फोडतो त्याहून जास्त आपलेच लोक फोडतात. पाच वर्षं पगार, गाडी, मानमरातब सोडायची तयारी सगळ्यांची नसते, आणि त्यात मला फार नवल वाटत नाही.

म्हणजे २०२५ येईपर्यंत चाडेमाकडे खासदार जवळपास नाहीत, कोर्ट नाही, स्थानिक संस्था नाहीत. तरी ‘नो रिफॉर्म्स, नो इलेक्शन’. पक्षाध्यक्ष टुंडू लिसू यांना एप्रिलमध्ये अटक झाली, आरोप देशद्रोहाचा. १२ एप्रिलला निवडणूक आचारसंहितेवर सह्या करायच्या होत्या. चाडेमाने केली नाही, आणि आयोगाने जाहीर केलं की हा पक्ष आता पाच वर्षांतल्या कोणत्याच निवडणुकीला उभा राहू शकत नाही. धोरण म्हणून बघितलं तर ही मोठी चूक होती असं मला वाटतं. आचारसंहितेवर सही करणं म्हणजे निवडणूक लढवणं नव्हे. सही करून, यादी देऊन, शेवटच्या दिवशी माघार घेता आली असती. तोवर घासाघीस चालू राहिली असती. बहिष्काराची धमकी अर्ज भरायच्या मुदतीपर्यंतच वजनदार असते. ब्रुकिंग्ज संस्थेने २०१० मध्ये जगभरच्या १७१ बहिष्कारांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्याचाही सूर हाच: बहिष्कार बहुतेक वेळा टाकणाऱ्यालाच महाग पडतो, त्याची धमकी मात्र कामी येऊ शकते. तो निष्कर्ष मी जसाच्या तसा घेत नाही, कारण मुळात जे हरणार असतात तेच जास्त करून बहिष्कार टाकतात. पण धमकीबद्दलचं म्हणणं खरं आहे.

दुसरी बाजूही सांगतो. चाडेमाने सही केली असती तरी काय झालं असतं? दुसऱ्या विरोधी पक्षाने, एसीटी-वझालेंडोने, आचारसंहितेवर सही केली. त्यांच्या उमेदवाराला, लुहागा म्पिना यांना, तरीही बाद केलं. लढणाऱ्यालाही बाहेर, न लढणाऱ्यालाही बाहेर. अशा ठिकाणी ‘लढायला हवं होतं’ हा उपदेश नैरोबीच्या किंवा पुण्याच्या खुर्चीत बसून करणं सोपं आहे. २९ ऑक्टोबरच्या मतदानात अध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना ९७.६६ टक्के मतं जाहीर झाली. दार-ए-सलाममध्ये आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर आले, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, आणि शेकडो लोक मारले गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्हटलं. शेजाऱ्यांना सहसा दुखवायचं नाही अशी रीत असलेल्या सॅडक या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या निरीक्षकांनीही लोकांना आपली इच्छा व्यक्त करता आली नाही असं लिहिलं, आफ्रिकी संघानेही ही निवडणूक आपल्या निकषांत बसत नाही म्हटलं. एवढे स्पष्ट शब्द या दोघांकडून क्वचितच ऐकू येतात.

माझ्याकडे एखादा पक्ष सल्ल्याला आला तर मी बहिष्कार टाका किंवा टाकू नका असं सांगत नाही. मागण्या तपासता येतील अशा लिहा, म्हणतो. ‘स्वतंत्र आयोग द्या’ ही मागणी कधीच पूर्ण झाली असं सिद्ध करता येत नाही. ‘मतदारयादी अमुक तारखेपर्यंत केंद्रनिहाय द्या’ ही करता येते. माघारीचा फॉर्म वाचा, भरा किंवा मुद्दाम भरू नका, पण माहीत असू द्या. संसदेच्या आणि स्थानिक जागा सोडायच्या असतील तर दहादा विचार करा. आणि एक गोष्ट जवळपास कुणीच ऐकत नाही: बहिष्कार टाकला तरी केंद्राबाहेर मोजायला माणसं ठेवा. बहिष्काराच्या दिवशी खरी निवडणूक असते ती टक्केवारीची. केनियात २६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आयोगाच्या अध्यक्षांनी आधी ४८ टक्के मतदानाचा अंदाज सांगितला आणि काही तासांतच तो बराच खाली आणावा लागला, कारण किम्स यंत्रातली नोंद वेगळं सांगत होती आणि ती बघणारे लोक होते. टांझानियात २०२० मध्ये मतदान ५० टक्क्यांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये, मुख्य विरोधक बाहेर आणि शहरं पेटलेली असताना, आयोगाने ८७ टक्के सांगितलं. ओस पडलेली केंद्रं निरीक्षकांनी आणि पत्रकारांनी पाहिली, पण ते मोजक्या केंद्रांवरच पोचतात. आकड्याला आकड्याने उत्तर द्यायला केंद्रनिहाय मोजणी लागते, आणि ज्या पक्षाचे नेते कोठडीत नाहीतर भूमिगत आहेत त्याला ती कागदावर उतरवायला माणूस मिळत नाही.